अँपिअरच्या जागी ऑइल

साखरप्याहून आंबा घाट चढून वर आलो आणि चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. किल्लीकडे हात नेला तेवढ्यात डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला. धड पेटला नाही, धड विझलाही नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर जरा पाय दिला तर गेला, पाय काढला तर परत आला. बॉनेटमधून तापलेल्या रबराचा, जुन्या रंगाचा आणि कुठंतरी सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकलेल्या ऑइलचा वास येत होता. फियाट घाट चढली की हा वास येतोच. लहानपणी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत तो आला की 'घाट संपला' एवढं डोळे न उघडता कळायचं. शेजारी बसलेला नवरा "दिवा लागला वाटतं" म्हणाला आणि चहा सांगायला उतरला. मी इंजिन बंद केलं. चहा प्यायले, पण कसा होता ते आठवत नाही. पुढे मलकापूर, बांबवडे, थेट कोल्हापूरपर्यंत माझा अर्धा जीव त्या दिव्यात होता, आणि तो पठ्ठ्या एकदाही लागला नाही.

ज्यांनी जुनी गाडी चालवलीय त्यांना या दिव्याची धास्ती सांगायला नको. पेट्रोलचा काटा खाली गेला तर माणूस पंप शोधतो, पाणी उकळलं तर सावलीत थांबून बॉनेट उघडतो. ऑइलच्या दिव्यापुढे असं काही चालत नाही. तो लागून राहिला आणि आपण 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हटलं, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगा तेवढ्यात खरवडून निघतात. मग इंजिन उतरवणं, क्रँक घासायला टाकणं, आणि 'या मापाच्या बेअरिंगा आता कुठं मिळणार' हा प्रश्न घेऊन पुण्याची नाना पेठ नाहीतर मुंबईचं कुर्ला पालथं घालणं. प्रीमिअरच्या फियाटी एके काळी त्याच कुर्ल्यात बनत. २००३ साली नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनीदेखील २०२३च्या ऑक्टोबरात वयाची वीस वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर सुटे भाग होते. आता आमच्यासारखे हौशी उरलेत, आणि हौशी लोकांच्या जिवावर कुठलं दुकान चालतं?

गॅरेजमध्ये गेले तर मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "ताई, घाट चढून आल्यावर मारतीच की लाईट. सगळ्या फियाटी मारत्यात. काय होत न्हाई."

या 'काय होत न्हाई'वर निम्मा महाराष्ट्र चाललाय. मिस्त्री चाळीसेक वर्षं याच गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलेले आहेत, त्यांचा शब्द खोटा ठरवायची माझी छाती नाही. पण तो लुकलुकता दिवा डोळ्यांपुढून जाईना. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की दिवा लागतो तेव्हा ऑइलचा दाब नेमका किती असतो? आणि ते त्या दिव्याला विचारून उपयोग नव्हता. त्याचं ज्ञान फार थोडं. ब्लॉकच्या बाजूला बसवलेला अंगठ्याएवढा स्विच, आत एक पातळ पडदा, मागे स्प्रिंग. ऑइलचा दाब पडद्याला ढकलतो, आतला संपर्क तुटतो, दिवा विझतो. साधारण अर्ध्या किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) खाली दाब गेला की स्प्रिंग जिंकते, दिवा लागतो. म्हणजे दिवा विझलेला असतो तेव्हा दाब चार किलो आहे की पाऊण किलो, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याला दोनच गोष्टी सांगता येतात, आणि त्यातली दुसरी सांगेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. इटलीत ज्यांनी ही गाडी आखली त्यांना वाटलं असेल, सामान्य माणसाला एवढं पुरे. आमच्या घराला ते बरीच वर्षं पुरलंही.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९६७ची फियाट अकराशे डी, कोल्हापुरातल्याच एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. आबा वीज मंडळात होते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते विजेच्या अंगानं बघायचे. गाडी घेतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर डॅशबोर्डच्या खाली पत्र्याचा एक कंस ठोकून त्यात अँपिअर मीटर बसवला. गोल, काळ्या तोंडाचा, क्रोमची कड असलेला. मधोमध शून्य, डावीकडे उणे तीस, उजवीकडे अधिक तीस. ऑइल, टॅपेट, क्लच ही सगळी खाती मिस्त्रींची. विजेचं खातं मात्र आबांनी स्वतःकडे ठेवलं होतं. संध्याकाळी लोडशेडिंग असलं की आम्हा भावंडांना गाडीत बसवायचे, समोरच्या भिंतीवर हेडलाइट टाकायचे. इंजिन संथ चालू, तेव्हाचा डायनॅमो संथ वेगात काही द्यायचा नाही, काटा डावीकडे झुकायचा. "बघ, आता बॅटरीतनं खातंय." मग अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे, भिंतीवरचा उजेड पिवळ्याचा पांढरा व्हायचा, काटा उचलून उजवीकडे यायचा. "आता भरतंय." शेजारची पोरंही काचेला नाक लावून उभी असायची. कोल्हापुरात त्या काळी करमणुकीची टंचाई होती असं नाही, पण ही फुकट होती.

तर नवा मीटर बसवायचा म्हटल्यावर जागेचा प्रश्न आला. डॅशबोर्डचा पत्रा कापायला माझा ठाम नकार. साठ वर्षांच्या जवळ पोचलेल्या पत्र्याला नवीन भोक पाडायचं म्हणजे ते कायमचं झालं. खाली अजून एक कंस ठोकला तर माझा गुडघा त्याला लागणार. राहता राहिली आबांच्या अँपिअर मीटरची जागा, आणि तो काढायला एक रास्त कारणही होतं. मधल्या काळात डायनॅमो जाऊन मारुतीचा अल्टरनेटर आला होता. जुन्या पद्धतीच्या अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट खराखुरा वाहतो: दोन जाड वायरी इंजिनाकडून डॅशबोर्डमागे येतात, मीटरच्या मागच्या दोन स्क्रूंना जोडून परत जातात, आणि त्या वाटेत फ्यूज नसतो. डायनॅमोच्या तुटपुंज्या करंटला ते ठीक होतं. अल्टरनेटर त्याहून बराच जास्त देतो. नट जरा सैल झाला की तिथं उष्णता, उष्णता वाढली की वायरीवरचं आवरण वितळतं, आणि डॅशबोर्डमागे सगळी जुनी वाळकी रबरं आणि पुठ्ठे. जुन्या गाड्यांच्या आगींत हे एक ठरलेलं ठिकाण आहे. एका रात्री लांबचा पल्ला मारून आल्यावर मी मीटरच्या मागे बोटं घातली तर वायर चांगलीच कोमट लागली.

कारण रास्त असलं तरी कारणच होतं, हेही खरं. नुसत्या आगीची भीती असती तर त्या दोन वायरी एकमेकींना जोडून मीटर आहे तिथंच शोभेला ठेवता आला असता. मला ती खिडकी हवी होती.

आता मीटर कसला घ्यायचा. एक प्रकार साधा आणि खरा: इंजिनातून केसासारखी बारीक नळी थेट मीटरपर्यंत आणायची, तिच्यातून ऑइलच वर येतं. मीटरच्या आत चपट्या नळीचं एक अर्धवर्तुळ असतं. दाब वाढला की ते सरळ व्हायला बघतं, आणि त्या चिमूटभर हालचालीवर दातेरी चाकं काटा फिरवतात. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली याचं पेटंट घेतलं आणि त्यात आजवर कुणाला फारसं काही सुधारता आलेलं नाही. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर तीच नळी. वीज नको, वायर नको. मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी एका जीपची गोष्ट सांगितली. तांब्याची नळी धक्क्यानं चिरली आणि उकळतं ऑइल ड्रायव्हरच्या पायावर. "पाय वाचला, पण धोतर गेलं," असं म्हणून ते बराच वेळ हसले. मी विजेचा प्रकार निवडला. त्यात इंजिनाशी एक सेन्सर बसतो, दाब वाढेल तसा त्याचा विरोध दहा ओहमपासून एकशेऐंशीपर्यंत चढतो, आणि मीटरला फक्त एक बारीक वायर जाते. ट्रॅक्टरसाठी मिळतो तोच मीटर आणला, किलोत मोजणारा. त्याचं तोंड पांढरं, अक्षरं लाल-हिरवी, कड प्लॅस्टिकची. फियाटमध्ये तो बघवला नसता. पण माप बावन्न मिलिमीटर, आबांच्या मीटरचंही तेवढंच. तेव्हा ठरलं: आबांच्या मीटरचं घर ठेवायचं, आतला जीव बदलायचा.

पुढचे काही शनिवार शिवाजी उद्यमनगरात गेले. उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथं गल्लीत पाऊल टाकलं की आधी वास येतो, कापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या कटिंग ऑइलचा, मग आवाज, आणि मग दिसायला लागतं. दाराशी कास्टिंगचे ढीग, आत एका बल्बखाली लेथ, आणि लेथमागे असा माणूस की ज्याला ड्रॉइंग दाखवलं तर तो तुमच्याकडे बघतो आणि वस्तू दाखवली तर वस्तूकडे. मी फियाटचा जुना स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही रुमालात बांधून नेले होते. टर्नरनं स्विचचे आटे अंगठ्याच्या नखानं चाचपले. "हे मिलिमीटरचं हाय." सेन्सर उचलला. "आणि हे इंची. ह्यांचं जमायचं न्हाई." मग गेजची पानं लावून खात्री केली, ती मला दाखवण्यापुरतीच. फियाट इटलीची, तिचे आटे मेट्रिक. सेन्सरचे आटे इंग्रजी पाइपाचे. जबरदस्तीनं दोन फेरे बसतातही, आणि तिसऱ्याला ब्लॉक चिरतो. उपाय म्हणजे मधे एक पितळी टी: एका तोंडाला बाहेरून मेट्रिक आटे, ते ब्लॉकमध्ये; दुसऱ्या तोंडाला आतून मेट्रिक, तिथं दिव्याचा जुना स्विच; तिसऱ्याला इंची.

त्यानं षटकोनी पितळेचा तुकडा चकमध्ये धरला. पितळ कोरडंच कापतात, पोलादासारखे लांब छिलके निघत नाहीत, बारीक सोनेरी चुरा उडतो. त्याच्या मनगटावरच्या केसांत तो चुरा बसत होता आणि तो अधूनमधून फुंकर मारून घालवत होता. आटे पाडताना त्यानं मशीन बंद केलं आणि चक हातानं फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. "पितळ हाय, घाई केली की फाटतंय." शेवटी फियाटचा स्विच त्यात दोन बोटांनी फिरवून बसवला, काढला, परत बसवला. किती पैसे विचारलं तर त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मला लाज वाटली आणि मी जास्त दिले. त्यानं जास्तीचे परत केले. वर एक ताकीद: सेन्सर जड आहे, टीवर लटकवू नका, इंजिनाच्या थरथरीनं पितळ मानेत मोडेल, होजपाइप काढा आणि सेन्सर बॉडीला पट्टीनं बांधा. आणि आट्यांना पांढरी टेप गुंडाळू नका, तांब्याचं वायसर घाला. टेप मधे आली की अर्थिंगचा भरवसा नाही. होजवर बांधलेल्या सेन्सरला तर ब्लॉकचं अर्थिंग मिळतच नाही, त्याच्या अंगाला वेगळी वायर द्यावी लागते. हे मात्र आबांनी फोनवर न विचारता सांगितलं. त्यांना मी एवढंच बोलले होते की 'गाडीचं जरा वायरिंगचं काम काढलंय'.

मीटरची शस्त्रक्रिया महाद्वार रोडच्या एका घड्याळवाल्या काकांकडे. मनगटी घड्याळं आता कोण दुरुस्त करून घेतं, त्यामुळे त्यांनाही काम नवं म्हणून गंमत वाटली. आबांच्या मीटरची क्रोमची कड मागच्या बाजूनं दुमडून बसवलेली होती. काकांनी ती एकदम उचकटली नाही; लाकडी चमच्याच्या टोकानं एकेक मिलिमीटर उचलत पूर्ण फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी, आणि कड एकही सुरकुती न पडता निघाली. काच निघाली तशी आतून बंद खोलीचा वास आला. अँपिअर मीटरच्या पोटात बघण्यासारखं फार नव्हतं. पितळेची एक जाड पट्टी, तिच्यावर लोखंडाचा इवलासा तुकडा काट्याला जोडलेला, एक चुंबक, संपलं. पट्टी एका टोकाला तपकिरी पडली होती, भाकरी करपावी तशी. ट्रॅक्टरच्या मीटरचं पोट मात्र नाजूक: एकमेकांवर आडवी गुंडाळलेली तांब्याची वेटोळी, मधे बिनआवाज फिरणारं चुंबकाचं चाक. दोन वेटोळ्यांमधल्या ओढाओढीवर काटा ठरतो, त्यामुळे बॅटरी बारा व्होल्ट असो की चौदा, आकडा हलत नाही.

या चाकाखाली काकांना काहीतरी चिकट दिसलं आणि घड्याळवाल्याच्या सवयीनं त्यांनी ते बेन्झिननं स्वच्छ पुसून टाकलं. मीटर गाडीला तात्पुरता जोडला तर काटा असा थरथरायला लागला की दोन आणि चारच्या मधे नुसता पंखा दिसावा. चिकट होतं ते सिलिकॉनचं दाट तेल, काट्याला सबुरी शिकवण्यासाठी कारखान्यातच घातलेलं. काकांनी कपाळावर भिंग चढवून थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे घड्याळात ज्याच्याशी भांडायचं, ते इथं मुद्दाम घालतात!" तसलं तेल शेवटी खेळण्यातल्या रिमोट गाड्यांच्या दुकानात सापडलं, त्यांच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये घालतात. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. काटा शहाणा झाला.

राहिली डायल. उणे तीस ते अधिक तीस असं लिहिलेल्या पाटीवर ऑइलचा दाब कसा दाखवणार? खरवडून नवीन रंगवायची, हे मला पटत नव्हतं. नवीन पत्रा कापायचा तर तिचा तो किंचित खोलगट बाक जमत नव्हता. काकांनी डायल उचलून नुसती उलटी केली. मागची बाजू कोरी. तिला काळा मॅट रंग दिला, आणि आकडे घालायला कोपऱ्यावरच्या पेंटरला बोलावलं. फ्लेक्सच्या आधी कोल्हापुरातली निम्मी दुकानं ज्यांच्या हातानं रंगली त्यांपैकी हा एक. त्याच्याकडे तीन केसांचा ब्रश निघाला. काकांनी आपलं भिंग त्याच्या डोळ्याला लावलं, आणि दोन म्हातारे एका पाच सेंटिमीटरच्या चकतीवर वाकून अर्धा तास बसले. मधेच पेंटरनं मान वर केली. "मराठीत काढू?" मी हो म्हणाले. का म्हणाले, सांगता येणार नाही. नंबर प्लेट मराठीत आहे म्हणून असेल. ०, १, २, ३, ४, ५. पाचाची शेपटी त्यानं अशी काही ओढली आहे, की नुसती ती बघायला लोक आत डोकावतात.

खुणा नेमक्या कुठं काढायच्या हे आधीच ठरवून ठेवलं होतं. सेन्सरच्या होजवरच तात्पुरता टायरवाल्याचा बूर्दाँ मीटर जोडला, मिस्त्री बॉनेटपाशी आकडा ओरडून सांगायचे आणि मी आत कोऱ्या डायलवर पेन्सिलचा ठिपका टाकायची. शून्य ते एकमधलं अंतर मोठं, चार ते पाचमधलं कमी. समान भाग पाडून मोकळं व्हावं असं मिस्त्रींचं मत होतं. मी ऐकलं नाही. आणि या तपासणीतच तो शोध लागला.

इंजिन चांगलं तापवलं होतं. संथ चालीवर बूर्दाँ मीटर एक किलोच्या जरा वर होता, म्हणजे या वयाच्या इंजिनाला दृष्ट काढावी असा आकडा. आणि समोर लाल दिवा लुकलुकत होता.

मिस्त्रींनी एकदा मीटरकडे बघितलं, एकदा दिव्याकडे, मग पाना घेऊन जुना स्विच काढला आणि नवा लावला. दिवा गेला. जुन्या स्विचची स्प्रिंग का पडदा, काहीतरी वयानं हट्टी झालं होतं. अर्ध्या किलोला करायची ती ओरड तो एक किलोलाच करत होता. इंजिन ठणठणीत. घाटमाथ्यावर तापलेलं ऑइल पातळ होतं, पंप संथ फिरतो, दाब थोडा उतरतो, हे सगळं आपल्या जागी बरोबर होतं. नवीन स्विच दोन-अडीचशे रुपयांचा. पितळी टी, होज, सेन्सर, मीटर, सिलिकॉनचा थेंब आणि पाचाची शेपटी, या सगळ्याशिवाय काम भागलं असतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण स्विच हातात उडवत 'काय होत न्हाई'च्या चालीवर गुणगुणत होते.

तरी मीटर राहिला. आणि तो राहिल्यावर माझ्यात काय बदललं ते मला फारसं आवडलेलं नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की काटा टुणकन चारच्या पुढे जातो. बघून बरं वाटतं, खरं तर त्यात इंजिनाचं कौतुक काहीच नाही, थंड ऑइल घट्ट असतं म्हणून दाब दिसतो. हायवेला साठच्या वेगात तीन. मिस्त्रींचं गणित आहे, हजार फेऱ्यांना दर चौरस इंचाला दहा पौंड, म्हणजे आमच्या मीटरवर पाऊण किलोच्या आत. त्या हिशेबात आम्ही श्रीमंत. पण उन्हाळ्यात काटा तीनाच्या ऐवजी पावणेतीनवर राहिला की मला तो पाव किलो कुठं गेला याचा घोर लागतो. पूर्वी मी गाडी कानानं चालवायची. टॅपेटची टिकटिक, चढाला दुसऱ्या गिअरमधला तो घसा खरवडल्यासारखा सूर, डिफरन्शिअलची गुणगुण. आता डोळा खाली जातो आणि कान मागे राहतात. सगळ्यात वाईट म्हणजे या सेन्सरची एक खोड आहे: त्याची वायर तुटली तर काटा शून्यावर येत नाही, पार उजवीकडे पाचाच्या पुढे जाऊन चिकटतो. त्यामुळे आकडा वाईट आला तरी काळजी आणि फारच चांगला आला तर जास्त काळजी. पाहुणे मात्र खूश. प्रत्येक जण वाकून बघतो आणि 'म्हणजे गाडीचं बीपी!' हा विनोद स्वतः शोधल्याच्या आनंदात करतो.

जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात परीक्षकांनी गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावले आणि मूळपणाचे गुण कापले. मीटर कंपनीचा नाही, हे बरोबर. पण त्या हिशेबानं अँपिअर मीटरही कंपनीचा नव्हता. तो होता तेव्हा मात्र याच मेळाव्यात कुणी हरकत घेतल्याचं आठवत नाही. चाळीस वर्षं जुनी ढवळाढवळ चालते, नवी चालत नाही, असा काहीसा नियम दिसतो. मी वाद घातला नाही. शेजारी एका गृहस्थांची डुक्कर फियाट होती, तिला हवेशीर म्हणून आत चक्क घरगुती टेबलफॅन बसवलेला. त्यांचे किती कापले ते विचारायचं राहिलं.

आबांना हे कसं सांगावं याचा मी बरेच दिवस घोळ घातला होता. त्यांनी हातानं ठोकलेल्या कंसातला त्यांचा मीटर, आणि त्याच्या आतून वीज काढून मी ऑइल घातलं. एका रविवारी त्यांना पन्हाळ्याला घेऊन निघाले. डोळे आता अधू झालेत, पण किल्ली फिरवल्याबरोबर त्यांचा चेहरा मीटरकडेच वळला. काटा उजवीकडे चढला आणि तिथंच राहिला. "एवढं भरतंय?" ते म्हणाले. मग पुढे वाकले, नाक काचेला लागेपर्यंत. मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं, उलट्या डायलसकट. जुना चेहरा मागच्या बाजूला तसाच आहे हे जरा जास्तच ठासून सांगितलं.

आबांनी बोटानं काचेवर टकटक केलं. "काढलास ते फार बरं केलंस. दर खंडेनवमीला त्याच्या मागचे नट आवळायचो मी. तुम्ही सगळे हार घालण्यात, गाडी पुसण्यात असायचा. एकदा आवळायचं राहिलं, तर ऐन दिवाळीत वायर निम्मी जळली होती. तुमच्या आईला सांगितलं नाही." मग विचारलं, "कापलेल्या वायरींच्या टोकांना कड्या लावून सोल्डर केलंय ना, का नुसतं पिळलंय?" सोल्डर केलंय म्हटल्यावर मागे रेलून बसले. वाघबीळ ओलांडून चढ लागला तशी दर दोन मिनिटांनी त्यांची पृच्छा: किती दाखवतंय? तीन. आता? तीनच. आता? अडीच, आबा, दुसरा गिअर आहे.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाताना त्यांनी बिलाच्या मागे एक सर्किट काढलं. अल्टरनेटर आहे तर करंट बघून काय करायचंय, व्होल्ट बघायचे. चालू गाडीला चौदाच्या आसपास दिसले की झालं. बारावर आले की पट्टा नाहीतर ब्रश. बारीक वायर, स्वतंत्र फ्यूज, आगीची भानगड नाही. हे सगळं मला पटलं, फक्त मीटर बसवायचा कुठं? डॅशबोर्डचा पत्रा मी कापू देणार नाही, कंसात ऑइल बसलंय.

"अ‍ॅश ट्रे आहे की," आबा म्हणाले. "तुमच्यात कोण ओढतंय?"

घरी आल्यावर माप घेतलं. ट्रेचं झाकण ठेवून, मागची भिंत जराशी वाकवली तर बावन्नचा मीटर आत बसतो, आणि झाकण लावलं की परीक्षकांना दिसणारही नाही. टर्नरकडे पट्टी करायला टाकलीय. आकडे याही वेळी मराठीतच काढायचे, चौदावर एक हिरवी रेघ मारायची, आणि ती रेघ आबा स्वतः मारणार आहेत. पेंटरला तसं सांगून ठेवलंय.